तिकडची हवा कशी आहे?

एप्रिल २०२५. आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी एक बातमी येऊन आदळली. १२४ प्रकाशवर्षांवरच्या 'के२-१८बी' नावाच्या ग्रहावर सजीवांची खूण सापडली म्हणे! पाचव्या मिनिटाला कॉमेंट्स सुरू. 'टू बीएचके केवढ्याला?' 'कव्हर्ड पार्किंग आहे का?' 'हिंजवडीपेक्षा लवकर पोचू.' या शेवटच्या कॉमेंटवर सगळ्यांत जास्त हसे आले. (फेज थ्रीला रोज जाणाऱ्यांना कारण सांगायला नको.) दुपारी कुणाच्या तरी बर्थडे केकचे फोटो पडले आणि ग्रह वर सरकून दिसेनासा झाला.

मी मात्र त्या बातमीला चिकटून राहिले. संध्याकाळी घरी मला तिच्यावर तोंडी परीक्षा द्यायची होती ना! परीक्षक : आमचे बाबा.

बाबा ७१ वर्षांचे. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी ३४ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी केली. मायक्रोमीटरवर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा सख्ख्या भावावर नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. थोडक्यात, बाप-लेक दोघंही लोकांच्या चुका शोधून पोट भरणारे. काही वर्षांपूर्वी बाबांना फुप्फुसांचा फायब्रोसिस निघाला. यात फुप्फुसं हळूहळू जाड आणि कडक होत जातात, हवेतला ऑक्सिजन रक्तात पुरेसा उतरत नाही. २०२४ च्या दिवाळीपासून घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आलाय. चाकांवरचं, गुडघ्याच्या वरपर्यंत येणारं, सतत घुरघुरणारं मशीन. त्यातून निघणारी नळी सात मीटरची. बाबांचं जग सध्या त्या सात मीटरांत मावतं. हॉल, बेडरूम, आणि ताणलं तर बाल्कनीतली तुळस. क्रिकेट बघून झालं, बातम्यांना शिव्या घालून झाल्या, आणि मग कधीतरी त्यांना परग्रहांचा नाद लागला.

कुठल्याही नव्या ग्रहाची बातमी सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असतो. "ते सगळं ठीक आहे. पण तिथे श्वास घेता येईल का गं?"

आपण तरुण मंडळी हा प्रश्न विचारतच नाही, कारण आपल्याला श्वास फुकट मिळतो. बातम्याही विचारत नाहीत. त्यांचा आवडता शब्द 'हॅबिटेबल झोन', म्हणजे राहण्याजोगा पट्टा. ऐकायला किती गोड! पण हा शब्द म्हणजे बिल्डरच्या ब्रोशरमधलं 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं' आहे. ग्रह आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की परिस्थिती बरी असली तर तिथलं पाणी पाणीच राहील, त्याची वाफ किंवा बर्फ होणार नाही. अर्थ एवढाच. तिथे पाणी आहे की नाही, हवा आहे की नाही, याबद्दल तो शब्द एक अक्षर बोलत नाही. आपल्याच सोसायटीतलं बघा. शुक्र या पट्ट्याच्या आतल्या काठाच्या जरा अलीकडे, मंगळ बाहेरच्या काठाजवळ. शुक्रावर तापमान ४६५ अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब आपल्या नव्वदपट. मंगळावर दाब आपल्या एक टक्कासुद्धा नाही. एकाच गल्लीतली तीन घरं, दार उघडं आहे ते एकाचंच.

आकडे सांगायचे तर सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि डिडिए केलोझ या स्विस जोडीने शोधला. त्याबद्दल २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नासा'च्या यादीतल्या पक्क्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. त्यांपैकी जिथे आपल्याला श्वास घेता येईल असं सिद्ध झालंय, असे ग्रह किती? शून्य. एवढ्या बायोडेटांत एकही इंटरव्ह्यूला बोलवण्यासारखा नाही म्हटल्यावर आमच्या एचआरने केव्हाच पोझिशन बंद केली असती.

आता मूळ प्रश्न. इतक्या लांबच्या ग्रहाची हवा आपण तपासतो तरी कशी? ग्रह तर धड दिसतही नाही. मी बाबांना समजावून थकले होते. स्पेक्ट्रम, ट्रान्झिट, शोषण रेषा... बाबा जांभया देत होते. मग एका रात्री झोपण्याआधी त्यांनी नेहमीसारखा बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि माझी ट्यूब पेटली.

कोव्हिडनंतर हा चिमटा कोणाच्या घरात नाही? पण तो करतो काय, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? चिमट्याच्या वरच्या बाजूला दोन छोटे दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. दोन्हींचा प्रकाश बोटातून आरपार जातो आणि खालचा सेन्सर मोजतो की पलीकडे किती पोचला. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त खातं, ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त खातं. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की कळतं रक्तात ऑक्सिजन किती. सुई नाही, रक्त नाही, काही नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. बोटात फक्त रक्त नसतं. कातडी असते, हाड असतं, नखं असतात, आणि तीही प्रकाश खातात. मग त्यातून रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा? ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनियरला १९७४ च्या सुमाराला हे सुचलं की कातडी आणि हाड एका जागी गप्प असतात, पण धमनीतलं रक्त ठोक्याबरोबर कमी-जास्त होतं. जे बदलतं तेवढंच मोजा, बाकीचं वजा करा. झालं! (हे आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. नेमकं तेव्हा, जेव्हा सगळं जग मेडिकलच्या दुकानात त्यांचं यंत्र शोधत होतं.)

परग्रहाची हवा तपासायची पद्धत हीच आहे. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, त्याला ट्रान्झिट म्हणतात. त्या वेळी ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. ग्रहाभोवती हवा असेल तर ताऱ्याचा थोडा प्रकाश त्या हवेच्या पातळ कडेतून गाळून येतो, आणि त्या हवेतला प्रत्येक वायू आपापल्या आवडीचा रंग खाऊन टाकतो. ग्रह समोर असतानाचा प्रकाश आणि नसतानाचा प्रकाश, दोन्ही मोजायचे. जे तसंच राहिलं ते ताऱ्याचं. जे बदललं ते ग्रहाचं.

"म्हणजे ग्रहाला ऑक्सिमीटर लावायचा," बाबा म्हणाले.

"अगदी!"

"आणि बोट चाळीस प्रकाशवर्षं लांब."

पुढचा प्रश्न मला माहीतच होता. "लीस्ट काऊंट किती?"

इथे खरं दुखणं आहे. आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना लांबून कुणी बघितली तर सूर्याचा प्रकाश दहा लाखांत ८४ भाग कमी होईल. ही झाली अख्खी पृथ्वी. तिच्याभोवतीच्या हवेची कड म्हणजे सफरचंदाची साल. तिचा परिणाम दहा लाखांत एखाद-दुसरा भाग, फार तर. हे मोजणारं यंत्र आज आपल्याकडे नाही. हबल दुर्बिणीने २००१ च्या अखेरीस पहिल्यांदा एका परग्रहाच्या हवेत सोडियम पकडलं ते यासाठीच जमलं की तो ग्रह गुरूसारखा धिप्पाड आणि ताऱ्याला चिकटलेला होता. तापलेली, फुगलेली हवा मोजायला सोपी. पण असल्या ग्रहावर श्वास? विसरा.

जाता जाता, असाच एक तापलेला धिप्पाड ग्रह आपल्या घरचा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने प्रत्येक देशाला एका तारा-ग्रह जोडीचं बारसं करायचा मान दिला. भारताने ताऱ्याचं नाव ठेवलं 'बिभा' आणि ग्रहाचं 'संतमस'. बिभा म्हणजे बिभा चौधुरी, वैश्विक किरणांवर काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ. होमी भाभांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घेतलेल्या पहिल्या महिला संशोधक. संतमस म्हणजे काळोखाने भरलेला, झाकोळलेला. त्याचं वर्ष दोन दिवसांहून जरासंच मोठं आणि तिथली हवा भट्टीसारखी. नाव बाबांना फार आवडलं. "इथे राहता येणार नाही, पण हाक मारायला बरा आहे."

तर छोट्या, दगडी ग्रहाची हवा मोजायची तर युक्ती करावी लागते. ग्रह मोठा करता येत नाही, मग तारा छोटा शोधा. ट्रॅपिस्ट-१ हा तसा तारा. साधारण ४० प्रकाशवर्षांवरचा, लालसर, थंड, आकाराने गुरूपेक्षा जरासाच मोठा. फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं की त्याच्याभोवती सात ग्रह आहेत, सगळे पृथ्वीच्या मापाचे. तीन-चार तर त्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं' पट्ट्यात! ताराच इतका छोटा असल्यामुळे पृथ्वीएवढा ग्रहही त्याचा पाऊण-अर्धा टक्का प्रकाश अडवतो. मग डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली आणि सगळ्यांनी बाह्या सरसावल्या.

पुढची स्टोरी कुठल्याही साइट व्हिजिटसारखी आहे. २०२३ मध्ये आतल्या पहिल्या ग्रहाचा निकाल आला : हवा बहुधा नाहीच. त्याच वर्षी दुसऱ्याचा : शुक्रासारखी दाट हवा तरी नक्की नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'डी' ग्रहाबद्दल कळलं की पृथ्वीसारखी हवा तिथेही सापडली नाही. असले लाल बुटके तारे तरुणपणी फार तापट असतात. सतत भडकतात, आणि जवळच्या ग्रहांची हवा ओरबाडून काढतात. त्यात त्यांच्या अंगावर डाग असतात, ते डाग मोजमापात लुडबुड करतात. म्हणजे ऑक्सिमीटर लावलेल्या बोटाला नेलपॉलिश! नेलपॉलिश लावलं की रीडिंग बिघडतं, हे आम्हाला हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चौथा ग्रह 'ई'. तो राखून ठेवते.

आधी ती व्हॉट्सअॅपवाली बातमी संपवू. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने (हे मूळचे आपल्या भारतातलेच) के२-१८बीच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडसारख्या वायूच्या खुणा दिसल्याचं म्हटलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात, म्हणून एवढा गाजावाजा. मी घरी जाऊन सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"खात्री किती?"

"तीन सिग्मा."

बाबांच्या चेहऱ्यावर ३४ वर्षांची नोकरी उतरली. "म्हणजे नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता हजारात तीन. आमच्याकडे एवढ्यावर लॉट सोडला असता तर साहेबांनी घरी बसवलं असतं."

शास्त्रज्ञांचंही तेच म्हणणं होतं. अशा दाव्याला पाच सिग्मा तरी हवेत, दशलक्षात एकापेक्षाही कमी शंका. मधुसूदन यांच्या टीमनेसुद्धा अजून निरीक्षणं हवीत हे सांगितलंच होतं, ते फॉरवर्डमध्ये गळालं. पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्या टीम्सनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि पुरावा भक्कम नाही असं सांगितलं. वर हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलाय, जिथे जीव असण्याचा प्रश्नच नाही. आणि समजा दावा शंभर टक्के खरा ठरला, तरी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'च. त्या ग्रहाच्या हवेत भरलाय हायड्रोजन. जीव असतील तर त्यांना लखलाभ. आपण तिथे दोन मिनिटं टिकणार नाही.

आता बाबांचा प्रश्न किती अवघड आहे ते बघा. श्वास घेण्याजोगी हवा म्हणजे काय? शाळेत पाठ केलंय आपण : ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. पण नुसते टक्के कामाचे नाहीत. एव्हरेस्टच्या टोकावरही ऑक्सिजन २१ टक्केच आहे. दाब मात्र खालच्या एक तृतीयांश, म्हणून तिथे सिलिंडर पाठीवर घ्यावा लागतो. ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला तर लाकूड नीट पेटणार नाही. फार वाढला तर ओली झाडंही भडकतील. कार्बन डायऑक्साइड दहा टक्के झाला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध. दहा टक्के सोडा. आत्ता बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. दारं बंद करून बारा माणसांची मीटिंग घ्या, तासाभरात हजारावर जातो. तिसऱ्या स्लाइडला येणाऱ्या डुलक्यांना थोडा तोही जबाबदार असतो. नुसता साहेब नाही.

हवेचा हिशोब मला बाबांच्या मशीनने शिकवला. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. तो खोलीतली हवा ओढतो, झिओलाइट नावाच्या खड्यांमधून दाबाने ढकलतो. नायट्रोजन खड्यांना चिकटतो, पुढे जातो तो ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन. मग नायट्रोजन परत खोलीत सोडून देतो, आणि पुन्हा तेच. दिवसरात्र. बाबांना मिनिटाला दोन लिटर लागतो. वीज गेली की मशीन आधी कर्कश ओरडतं. रात्री अडीचला तो आवाज ऐकून उठायचं, अंधारात सिलिंडरची किल्ली शोधायची, नळी बदलायची. पहिल्या वेळी माझे हात इतके थरथरत होते की किल्ली दोनदा पडली. आता आई आणि मी हे काम न बोलता करतो. त्या दोन-तीन मिनिटांत ऑक्सिमीटरवरचा आकडा ९३ वरून ८६ वर येताना मी पाहिलाय. बाबा तेवढ्यातही हात वर करून खुणेने सांगतात, घाई नको.

मंगळावर माणसाने ऑक्सिजन खरंच बनवून बघितलाय. 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवर 'मॉक्सी' नावाचं टोस्टरएवढं यंत्र होतं. तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून त्याने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा ऑक्सिजन काढला. एकूण किती? १२२ ग्रॅम. मी हिशोब केला. बाबांच्या वेगाने तो पाऊण तास पुरला असता. मी आकडा सांगितल्यावर ते हसले नाहीत. "सुरुवात म्हणून चांगलं आहे," म्हणाले. "प्रोटोटाइप आहे तो."

मग ही २१ टक्क्यांची हवा आपल्या पृथ्वीला मिळाली कुठून? इथे माझा मेंदू आऊट झाला होता. ती आधीपासून नव्हतीच! पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षांच्या वर. त्यातला जवळजवळ निम्मा काळ हवेत मोकळा ऑक्सिजन नावालाही नव्हता. सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांनी उन्हावर पाणी फोडून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली. तो आधी समुद्रातल्या लोखंडाने गिळला. लोखंड गंजून तळाशी बसलं. आज खाणीतून काढतो त्या लोहखनिजाचा मोठा भाग म्हणजे तो जुना गंज. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेत साठायला लागला, तोही कसाबसा. जंगल पेटण्याइतका ऑक्सिजन झाल्याचा पुरावा, म्हणजे खडकांत सापडणारा जुना कोळसा, जेमतेम ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टाइम मशीनमध्ये बसून पृथ्वीच्या इतिहासात डोळे मिटून कुठेही उतरलात, तर दहापैकी नऊ वेळा गुदमरून मराल. तेही हॅबिटेबल झोनमधल्या, भरपूर पाणी असलेल्या, जिवंत पृथ्वीवर!

म्हणजे लांबच्या ग्रहावर श्वास घेण्याजोगी हवा सापडली, तर ती मोकळी पडलेली जागा असण्याची शक्यता कमी. ती कुणीतरी कोट्यवधी वर्षं खपून बनवलेली असेल, आणि ते कुणीतरी बहुधा अजून तिथेच राहत असेल. ऑफिसमधला 'टू बीएचके'चा जोक मला तेव्हापासून थोडा कसातरी वाटतो. दुसऱ्याच्या घरात शिरून पार्किंग विचारण्यासारखा.

"बहुधा" मुद्दाम म्हटलं. ऑक्सिजन दिसला म्हणजे जीव आहेतच असंही नाही. तापट लाल ताऱ्याच्या उष्णतेने एखाद्या ग्रहाचे समुद्रच्या समुद्र उकळू शकतात. पाण्याची वाफ वर जाते, अतिनील किरणांनी फुटते, हलका हायड्रोजन निसटतो, ऑक्सिजन मागे राहतो. ऑक्सिजन भरपूर, पण ग्रह मेलेला. म्हणून शास्त्रज्ञ जोडी शोधतात, ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र. ही दोघं एकमेकांना संपवतात, फार काळ सोबत राहूच शकत नाहीत. चार बॅचलर पोरांच्या फ्लॅटमध्ये फ्रीज उघडल्यावर रोज ताजं दूध दिसलं तर काय समजायचं? कुणीतरी रोज आणून ठेवतंय. तसं हे.

ही पद्धत एका ग्रहावर वापरून बघितली आहे आणि तिथे ती चालली. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलं. कार्ल सेगनच्या डोक्यातून कल्पना निघाली की यानाची उपकरणं आपल्याकडेच वळवावीत आणि काही माहीत नसल्यासारखं बघावं, या ग्रहावर कुणी आहे का? १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापून आला. ऑक्सिजन भरपूर, मिथेनही असायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त, वर रेडिओचे आखीव संदेश. बाबांना सेगनचा हा उद्योग इतका पटला की त्यांनी तो फिजिओथेरपिस्टला, दूधवाल्याला आणि माझ्या मावशीला ऐकवला. नवीन गेज आल्यावर आधी माहितीतल्या पीसवर लावून बघायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. सेगनने तेच केलं होतं.

राखून ठेवलेला 'ई' ग्रह आता. सप्टेंबर २०२५ मध्ये जेम्स वेबच्या पहिल्या चार ट्रान्झिटांचे निष्कर्ष छापून आले. हायड्रोजनची जुनी दाट हवा तिथे नाही. शुक्रासारखी किंवा मंगळासारखी असण्याची शक्यताही कमी. पण नायट्रोजनची, आपल्याशी नातं सांगणारी हवा? ती नाकारता आलेली नाही. कदाचित हवाच नसेल, तेही नाकारता आलेलं नाही. पुढे आणखी पंधरा ट्रान्झिट बघायचा बेत संशोधकांनी सांगितला.

"सँपल साइज वाढवतायत," बाबा म्हणाले. "बरोबर आहे."

तरी त्यातून कळेल ते हवा आहे की नाही एवढंच. ऑक्सिजन पकडणं वेबलाही फार जड आहे. मी त्यांना पुढचं वेळापत्रक सांगितलं. चिलीच्या वाळवंटात ३९ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहतेय, ती २०३० च्या आसपास सुरू होईल. पृथ्वीसारख्या ग्रहावरचा ऑक्सिजन थेट शोधायला 'नासा'ची 'हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी' अजून कागदावर आहे. ती २०४० च्या दशकात, झाली तर.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मशीन घुरघुरत होतं. फायब्रोसिसचे आकडे मीही वाचलेत, त्यांनीही. २०४० या शब्दावर आम्ही दोघंही थांबलो नाही. त्यांनीच विषय पुढे ढकलला. "ते राहू दे. ई चं वर्ष किती दिवसांचं म्हणालीस?"

"सहा पूर्णांक एक दिवसाचं."

त्यांनी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टच्या पाकिटावर गणित मांडलं. तिकडच्या हिशोबाने त्यांचं वय ४२५० वर्षं निघालं. स्वारी खूश. मग मला एका ट्रान्झिटची तारीख शोधायला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर सहाव्या दिवशी पेन्सिलीने बारीक 'ई' लिहायला सुरुवात केली. दर दहा फेऱ्यांनी एक दिवस पुढे सरकवायचा, तेही विसरले नाहीत. त्या दिवशी दुर्बीण तिकडे वळलेली असो वा नसो, ग्रह ताऱ्यासमोरून गेला म्हणजे गेला. पहिल्या महिन्यात आईने तीन 'ई' खोडले. तिला दुधाचे खाडे लिहायला जागा उरत नव्हती. आता दुधाचा हिशोब फ्रीजच्या दारावर गेलाय.